गर्भकाल (सस्तन प्राण्यांतील)

सस्तन प्राण्याची मादी फळल्यापासून पिलू जन्मास येईपर्यंत जी मुदत ते पिलू तिच्या उदरात वाढत असते, त्या मुदतीस गर्भकाल म्हणतात. उंदराच्या मादीत ही मुदत जेमतेम तीन आठवड्यांची, तर हत्तिणीत सुमारे 22 महिन्यांची असते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे शक्य तेथवर सातारा जिल्ह्यातील कराडलगतचे मलकापूर (बुलढाणा व कोल्हापूर जिल्ह्यांतील याच नावाच्या गावांहून हे निराळे) आणि त्याभोवतालचा सातारा-सांगलीचा कृष्णाकाठ येथील प्राण्यांची घेतली असून, ज्यांचे दाखले गोठ्यात व गुरांच्या दवाखान्यातील नोंदवहीत रोज मिळतात त्या गाई-म्हशींचा तपशील साहजिकच अधिक आला आहे.

मोजणी : गाय किंवा म्हैस माजावर आली म्हणजे ती वळूला अथवा रेड्याला दाखवतात, किंवा पशुवैद्यकाकडून कृत्रिम रेतन करवून घेतात, ती तारीख टिपून ठेवली म्हणजे पुढील हिशेब सोपा होतो. रानातील जनावरांची अशी तारीख टिपणारे कोणी नसल्याने त्यांचे आकडे बहुधा प्राणिसंग्रहालयांतील नोंदींवरून आलेले असतात, आणि निरनिराळ्या ग्रंथांत त्यांत काही दिवसांची तफावत आढळते. मुलांना पडताळा घेता यावा म्हणून असे समजावे, की निरनिराळ्या जातींच्या माद्या एकाच दिवशी, म्हणजे 1 जानेवारीस, फळल्या आणि ते वर्ष 365 दिवसांचे आहे. तर पाळीव सशाची मादी (31 दिवस) 1 फेब्रुवारीस, कुत्री (63 दिवस) 5 मार्चला, डुकरीण (114 दिवस) 25 एप्रिलला, शेळी (150 दिवस) 31 मे रोजी, गाय (280 दिवस) 8 ऑक्टोबरला, म्हैस (310 दिवस) 7 नोव्हेंबरला आणि घोडी (340 दिवस) 7 डिसेंबरला विईल. गाढविणीस पुढचे वर्ष उजाडेल, आणि हत्तीण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिलू देईल. हे सर्व आकडे सरासरीचे होत. प्रत्यक्षात थोडे दिवस मागेपुढे होतातच.

गाय व म्हैस : गाय नऊ महिने नऊ दिवसांनी आणि म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते, असा शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. पंचांगातील चांद्रमासाने मोजल्यास नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारे 275 दिवस होतात, आणि इंग्रजी महिन्यांनी मोजल्यास सुमारे 283. म्हशीच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे 305 व 314 येतात. गाईची 280 आणि म्हशीची 310 दिवसांची सरासरी या दोन मोजण्यांच्या दरम्यान पडते. म्हणजे कोणत्याही महिन्याने मोजले तरी ठोकताळा फारसा चुकत नाही.

जातिपरत्वे थोडा फरक पडतो. खिलारसारख्या वशिंड असलेल्या देशी गाई होल्स्टीन व जर्सी या विलायती गाईंपेक्षा बहुधा काही दिवस अधिक घेतात. गर्भात पाडा असल्यास कालवडीपेक्षा एखाद-दोन दिवस जास्त लागतात, आणि जुळी असल्यास गाय काही दिवस आधीच विते. सांगली-सोलापूर-कोल्हापूरकडील लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस व उत्तरेकडून आणलेली मुऱ्हा म्हैस या दोहोंचा काल दहा महिन्यांहून थोडा अधिकच भरतो. म्हशी प्रायः थंडीच्या दिवसांत अधिक माजावर येतात व दहा महिन्यांनी, पावसाळा संपता संपता, वितात. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या डेअऱ्यांत म्हशीच्या दुधाची आवक वाढू लागते.

गर्भकालाचा हिशेब ठेवण्याचे मुख्य प्रयोजन व्यवहारातील आहे. विण्यापूर्वी दोन महिने जनावराचे दूध आटवावे लागते, कारण पोटातील वासराची वाढ शेवटच्या काळात फार झपाट्याने होते व गाईचे सर्व बळ तिकडे लागते. म्हणून गाय फळल्यापासून सुमारे सात आणि म्हैस आठ महिन्यांनी आटवतात. दिवस भरत आले की कास भरू लागते व शेपटीच्या दोन्ही बाजूंस खळगे पडतात. व्याल्यावर काही तासांत जार पडतो. पहिल्या दिवसांचे दाट दूध म्हणजे चीक. घरोघर त्याचा खरवस करीत असले तरी त्यावर पहिला हक्क वासराचा असतो, कारण रोगांशी झगडण्याचे सामर्थ्य त्याला त्या चिकातूनच मिळते. वासरू किंवा रेडकू जन्मल्यापासून तासा-दोन तासांत उभे राहून कासेला लागते.

शेळी व मेंढी : दोहोंचा काल सुमारे पाच महिन्यांचा. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या पावसाळ्याच्या आरंभी कोवळ्या गवतावर चरून माजावर आल्या, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास कोकरे होतात. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालकडील गरोळ मेंढीचा जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार केला. परंतु एकाऐवजी दोन कोकरे वाढवावी लागली म्हणून मेंढीचा काल वाढत नाही, उलट किंचित घटतो. मेंढी विण्याचा क्षण कोण ठरवते, या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स यांच्या प्रयोगांतून मिळाले : दिवस भरले की पोटातील कोकराच्याच शरीरातून एक द्रव्य स्रवू लागते आणि त्यायोगे आईस कळा सुरू होतात.

घोडी व गाढवीण : घोडीस अकरा, गाढविणीस बारा महिने. गाढवापासून खेचर धारण करणाऱ्या घोडीचा काल या दोहोंच्या दरम्यान असतो.

काल कमी-अधिक होण्याची कारणे : जनावर जितके मोठे तितका काल दीर्घ, असा नियम मुलांस प्रथम सुचतो, आणि उंदीर, शेळी, गाय व हत्ती अशी रांग लावली असता तो खराही ठरतो. तथापि सह्याद्रीतील प्राण्यांकडे पाहता तो अपुरा पडतो. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या भागात आढळणारी पिसोरी वजनाने अवघी तीन-चार किलो भरते, तरी तिचा गर्भकाल सुमारे पाच महिन्यांचा, आणि तिच्याहून कितीतरी मोठ्या बिबट्याच्या मादीचा काल मात्र तीन महिन्यांच्या आसपास असतो. वाघिणीसही सुमारे साडेतीन महिनेच लागतात. याचे कारण असे, की पिसोरी, भेकर, सांबर व गवा यांची पिले उघड्यावर जन्मतात, शत्रूपासून त्यांना लवकर पळता आले पाहिजे, आणि म्हणून डोळे उघडे, अंगावर केस व पायांत बळ अशी पूर्ण तयारी होईतो ती आईच्या उदरातच राहतात. बिबट्याची मादी मात्र पिलांना आडोशास लपवून ठेवू शकते, स्वतः त्यांचे रक्षण करते, आणि तिला पोटातील ओझे घेऊन शिकारीमागे फार दिवस धावणे परवडणारे नसते. ऊसतोडीच्या हंगामात कराड व शिराळा भागातील फडांत कधीकधी बिबट्याची जी बछडी सापडतात, त्यांतील अगदी लहानांचे डोळेही उघडलेले नसतात. पाळीव ससा व रानससा यांच्यातही हाच भेद आहे : पहिल्याची पिले बिळात, 31 दिवसांनी, केसांवाचून व मिटल्या डोळ्यांनी जन्मतात, दुसऱ्याची सुमारे सहा आठवड्यांनी, उघड्या माळावर, केसाळ व डोळस. सारांश, पिलू किती तयार होऊन जन्मावे लागते, ही बाब आकाराइतकीच, किंबहुना कित्येकदा त्याहून अधिक, महत्त्वाची ठरते.

हरिणवर्ग : सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात असणाऱ्या प्राण्यांपैकी सांबराचा काल सुमारे आठ, चितळाचा साडेसात व काळविटाचा सहा महिने.

मनुष्य : सुमारे नऊ महिने. मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयात काय किंवा अन्यत्र काय, डॉक्टर ज्या पद्धतीने दिवस मोजतात त्या पद्धतीने 280 दिवस, म्हणजे जवळजवळ गाईइतकेच, होतात. असे असून वासरू त्याच दिवशी चालते व मूल चालावयास वर्षभर घेते. मनुष्याच्या मोठ्या मेंदूमुळे मूल याहून अधिक काळ पोटात ठेवणे कठीण होते, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. आईच्या शरीराची पोषण पुरवण्याची शक्ती तेथे संपते, असे दुसरे म्हणतात. याबाबत एकमत नाही.

वटवाघूळ : फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाचा काल सुमारे पाच महिने, एका वेळी एकच पिलू. वटवाघळांच्या गर्भवाढीचा दीर्घ अभ्यास नागपूरच्या विज्ञान संस्थेत अ. गोपालकृष्ण व त्यांचे सहकारी यांनी केला.

विलंबित गर्भ : अस्वलांच्या कित्येक जातींत मादी फळल्यावर गर्भ काही महिने न वाढता तसाच राहतो व मग वाढू लागतो; अशा प्राण्यांचा काल दिसतो त्याहून खरा कमी असतो.

पिशवीवाले प्राणी : कांगारूचा काल सुमारे 33 दिवस, अमेरिकेतील ओपोसमचा 12-13 दिवस, पुढील वाढ आईच्या पोटावरील पिशवीत होते.

देवमासे : निळ्या देवमाशाचा काल दहा ते बारा महिने.

अंडी घालणारे सस्तन प्राणी : ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो, त्यास प्रस्तुत अर्थाने गर्भकाल नाही.