ओल्या कुंचल्याची रात्र

चित्रकलेच्या इतिहासात चित्रकारांची, त्यांच्या कृतींची आणि त्यांच्या आश्रयदात्यांची नावे येतात. परंतु दिवसाचे काम संपल्यावर रंगात भिजलेला कुंचला कोठे व कसा ठेवला जात असे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे पोट कुंचल्यावर अवलंबून आहे, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. चित्र विकले जाते, भिंत धन्याची होते. कारागिराजवळ उरतो तो कुंचला. तो रात्रीत दगडासारखा कडक झाला, तर दुसऱ्या दिवसाच्या मजुरीतून नवा कुंचला विकत घ्यावा लागतो. म्हणून रंगकामाच्या दोन बैठकांमध्ये ओले साहित्य जपण्याची जी रीत त्या त्या काळी रूढ झाली, तीत त्या काळचे रंगद्रव्य, व्यापार आणि कारागिराची आर्थिक अवस्था या तिन्हींचे प्रतिबिंब पडलेले दिसते.

हा इतिहास पाहण्यास कलकत्त्यासारखे दुसरे शहर नाही. (इंग्रजी अमदानीपासून रूढ झालेले हे नाव २००१ साली अधिकृतपणे कोलकाता असे झाले.) याचे पहिले कारण तेथील हवा आणि दुसरे तेथील पंचांग. बंगालचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे दुर्गापूजा. ती आश्विनात येते आणि तिच्या आधी घरे रंगवून घ्यावयाची, मूर्ती सजवावयाच्या, हा प्रघात आहे. साहजिकच रंगकामाचा हंगाम श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसात सापडतो. आपल्याकडे पेणच्या गणेशमूर्तिकारांनाही हीच अडचण सोसावी लागते. सकाळी भिंतीला एक हात द्यावा आणि दुपारी सर कोसळून काम दोन दिवस थांबावे, असे वारंवार घडते. पुढची बैठक केव्हा होईल, याचा नेम नसतो. अशा वेळी ओला कुंचला जपून ठेवणे हा कामाचाच एक भाग होऊन बसतो.

कलकत्त्यातील रंगकामाची सर्वांत जुनी परंपरा पाण्यात कालवलेल्या रंगांची आहे. कालीघाटचे आजचे मंदिर १८०९ च्या सुमारास उभे राहिले. त्याच्या आसपास येऊन वसलेल्या पटुआ चित्रकारांनी यात्रेकरूंसाठी स्वस्त कागदावर देवादिकांची आणि पुढे शहरातील बाबू लोकांची चित्रे काढून विकली. खारीच्या किंवा वासराच्या केसांचा कुंचला आणि पाण्याचे रंग, एवढ्या सामग्रीवर त्यांचा संसार चाले. बंगालच्या पटुआंमध्ये रंग नारळाच्या करवंटीत कालवण्याची चाल आजही आहे. रंग कागदाला धरावा म्हणून त्यात बेलफळाचा चिकट रस किंवा डिंक घालतात. कुमारटुलीतील मूर्तिकार याच कामासाठी चिंचोक्याची खळ वापरीत आले आहेत. कुमारटुली हा शब्द ऐकून मराठी माणसाचा एक गोड गैरसमज होण्याचा संभव आहे. बंगालीत कुंचल्याला ‘तुली’ म्हणतात खरे. परंतु कुमारटुलीतील ‘टुली’ म्हणजे टोळी, वस्ती. ती कुंभारांची आळी होय.

डिंकाच्या रंगाचा एक मोठा गुण असा की, तो वाळला तरी मरत नाही. करवंटीच्या तळाशी वाळून बसलेला रंग दुसऱ्या दिवशी चार थेंब पाण्याने पुन्हा जागा होतो. त्यामुळे पटुआला कुंचला ओला ठेवण्याची गरजच नव्हती. तो पाण्यात खळबळून, टोक बोटांनी सारखे करून ठेवला की झाले. विसरून तसाच राहिला, तरी सकाळी थोडा वेळ भिजत घातल्यावर मऊ होत असे. या पद्धतीत काही वाया जात नाही, कारागिराची चूक त्याला महाग पडत नाही. शत्रू एकच, आणि तो म्हणजे दमट हवा. खळ एकदोन दिवसांत आंबते, तिला वास सुटतो, बुरशी चढते. म्हणून खळ लागेल तेवढीच शिजवावी लागते. टिकाऊपणासाठी खळीत मोरचूद टाकण्याची रीतही आपल्या देशात जुनी आहे.

भिंतींची कथा याहून थोडी निराळी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात जे वाडे आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या बहुतेक विटांच्या होत्या. त्यांना संगमरवराचे रूप आले ते चुन्याच्या गिलाव्याने. सिल्हेटचा चुना नावांतून कलकत्त्यास येत असे. पावसाळ्यात या भिंती काळवंडत आणि दरवर्षी त्यांना सफेदी द्यावी लागे. सफेदीचा कुंचा वनस्पतीच्या राठ तंतूंचा असतो. चुना वाळतो तेव्हा नुसते पाणी उडून जात नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगड बनतो. म्हणून चुन्याचा कुंचा कोरडा ठेवणे म्हणजे तो गमावणे होय. तो पाण्याखाली ठेवला, तर हवेशी संबंध तुटतो आणि चुना मऊ राहतो. भिजवलेला चुना पाण्याखाली महिनोन्‌महिने चांगला राहतो, हे आपल्याकडील प्रत्येक जुन्या गवंड्याला ठाऊक होते. कुंचा घागरीत बुडवून ठेवण्यामागे तेच ज्ञान आहे. मात्र चुना दाहक असल्याने फार दिवस बुडालेल्या कुंच्याचे तंतू कुजतात आणि धुणाऱ्याचे हातही सोलवटतात.

तैलरंग आले आणि हे सारे गणित बदलले. टिली केटल हा इंग्रज चित्रकार १७७० नंतरच्या दशकात कलकत्त्यात काम करीत होता. त्याच्या मागून योहान झोफानी आला. त्याने १७८७ साली सेंट जॉन चर्चसाठी रंगविलेले ‘अखेरचे भोजन’ हे चित्र आजही तेथे आहे. या मंडळींचे रंग जवसाच्या तेलात घोटलेले असत. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून तिचे तोंड बांधीत. टाचणीने भोक पाडून हवा तेवढा रंग काढावा आणि भोक पुन्हा बुजवावे, अशी ती व्यवस्था होती. १८४१ साली जॉन गॉफ रँड या लंडनवासी अमेरिकन चित्रकाराने पातळ धातूची नळी शोधून काढली, तेव्हा कोठे या कटकटीतून सुटका झाली. रंग जपण्याचा प्रश्न असा सुटला. कुंचला जपण्याचा मात्र सुटला नाही.

याचे कारण जवसाच्या तेलाच्या स्वभावात आहे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेते आणि त्याचे घट्ट, चिवट आवरण बनते. एकदा ते बनले की, ना पाण्याने विरघळते ना तेलाने. पटुआचा रंग झोपी जातो. तैलरंग मात्र मरतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. यासाठी चित्रकाराला आणि घरे रंगविणाऱ्या रंगाऱ्याला दोन मार्ग होते. काम संपले असल्यास कुंचला टर्पेंटाइनने धुऊन, साबणाने स्वच्छ करून ठेवावयाचा. काम उद्या पुढे चालावयाचे असल्यास तो तेलात किंवा साध्या पाण्यात बुडवून ठेवावयाचा. तेल आणि पाणी मिसळत नाहीत; म्हणून पाण्याखालचा तैलरंग हवेपासून दूर राहतो आणि सकाळपर्यंत ओला असतो. चुन्याच्या कुंच्याचेच तत्त्व येथे निराळ्या द्रव्याला लागू पडते. मात्र जाणता रंगारी कुंचला भांड्यात उभा करीत नाही. दांड्याच्या भोकातून तार ओवून तो असा टांगतो की, केस पाण्यात बुडतील पण तळाला टेकणार नाहीत. तळाला टेकलेले केस रात्रभरात वाकतात, आणि वाकलेल्या केसांनी सरळ रेघ ओढता येत नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्यांची काळजी याहूनही अधिक घ्यावी लागते. त्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या, तर प्राणवायू घेताना त्यांत उष्णता साठते आणि कधी कधी त्या आपोआप पेट घेतात. म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात, असा नियम आहे.

येथे व्यापाराचा विचारही येतो. जवस बंगाल-बिहारच्या शेतांत पिकत असे, आणि कलकत्त्याच्या बंदरातून तो मोठ्या प्रमाणावर विलायतेस जात असे. तेथून तयार तैलरंग, टर्पेंटाइन आणि डुकराच्या राठ केसांचे कुंचले याच बंदरात परत येत. ज्या मुलखाचे बी, त्याच मुलखाच्या रंगाऱ्याला रंग आणि कुंचला विलायती भावाने घ्यावा लागे. पटुआच्या कुंचल्याला पाणी पुरत होते. तैलरंगाच्या कुंचल्याला धुण्याचाही खर्च लागू लागला. १९०२ साली हावड्यास शालिमार कंपनीचा रंगाचा कारखाना निघाला आणि ही साखळी काही अंशी तुटली.

कलकत्त्याच्या कलाजगतातही याच सुमारास परत पाण्याकडे वळण्याची प्रवृत्ती दिसून येते. १८९६ साली सरकारी कलाशाळेत आलेल्या हॅवेलने भारतीय परंपरेचा पुरस्कार केला आणि अवनींद्रनाथ ठाकूर त्याचे सहकारी झाले. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. ताइकान ओल्या कुंचल्याने चित्रावर पाणी फिरवून रंगाच्या कडा विरघळवीत असे. ते पाहून अवनींद्रनाथांनी सबंध चित्रच पाण्यात बुडविण्याची आपली पद्धत सिद्ध केली. त्यांच्यामागून यामिनी राय यांनी अधिक मोठा त्याग केला. तैलरंगातील व्यक्तिचित्रांवर ते चांगला निर्वाह करीत होते. परंतु १९२० नंतरच्या दशकात त्यांनी तो मार्ग सोडला आणि काजळी, खडू, माती, नीळ व चिंचोक्याची खळ यांवर आपली चित्रे उभी केली. या निवडीला सामान्यतः राष्ट्रीय भावनेचा आविष्कार मानतात, आणि ते योग्यच आहे. पण तिची एक व्यावहारिक बाजूही आहे. विलायती नळीवाचून, टर्पेंटाइनवाचून चालणारी आणि वाळलेला कुंचला पाण्याने जागा करणारी रंगशाळा त्यांनी पुन्हा उभी केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम राळेचे रंग आले. भिंतीवरचे इमल्शन आणि चित्रकाराचे अ‍ॅक्रिलिक ही त्यांचीच रूपे होत. हे रंग फसवे आहेत. ते पाण्यात कालवले जातात, पाण्याने धुतले जातात. म्हणून जुना कारागीर त्यांना पटुआच्या रंगाचे भाऊबंद समजतो. परंतु पाणी उडून जाताच राळेचे कण एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा बनतो, आणि मग त्यावर पाण्याची मात्रा चालत नाही. ‘सकाळी भिजवू’ म्हणून ठेवलेला कुंचला सकाळी निकामी झालेला असतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने येथे कारागिराचा घात केला. त्याने नवी सवय लावून घेतली ती अशी: थांबायचे घटकाभराचे असेल तर कुंचला ओल्या फडक्यात गुंडाळावयाचा, रात्रीपुरते असेल तर वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावयाची, आणि त्याहून अधिक असेल तर लगेच धुवावयाचा. कुमारटुलीत आता मोठ्या मूर्तींवर रंग फवाऱ्याच्या यंत्राने मारतात. त्या यंत्राला तर रात्रभराचीही सवलत नसते. त्याचे सूक्ष्म तोंड काम संपताच साफ करावे लागते.

धुतलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारीत नसे. माती, खडू आणि चिंचोक्याची खळ हुगळीत गेली तर नदीचे फारसे बिघडत नव्हते. शिसे असलेल्या रंगांची गोष्ट तशी नाही. ते शिसे कुंचला धुणाऱ्याच्या बोटांतही शिरते, आणि कुंचल्याचे टोक ओठांनी साधण्याची जुनी सवय असलेल्याच्या पोटातही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. मूर्तिविसर्जनासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मार्गदर्शक सूत्रे घालून दिली व २०२० साली ती सुधारली. त्यांतही विषारी रंग टाळून नैसर्गिक रंग वापरण्यावर भर आहे. कलकत्त्याच्या दुर्गापूजेला २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या वारशात मूर्तीचा समावेश सहज होतो. तो टिकवून धरणाऱ्या हातांचे आरोग्यही त्यात गणले गेले पाहिजे.

महालयेच्या दिवशी मूर्तीचे डोळे रंगविण्याची, म्हणजेच चक्षुदानाची, परंपरा आहे. आदल्या सर्व दिवसांत मूर्तीला पांढरा हात मिळालेला असतो, पिवळा चढलेला असतो, पाऊस येऊन गेलेला असतो, काम कितीदा तरी थांबलेले असते. शेवटी मूर्तिकार सर्वांत बारीक कुंचला हाती घेतो आणि एका श्वासात भुवईपासून कानशिलापर्यंत रेघ ओढतो. पाहणारे लोक त्या हाताचे कौतुक करतात. ते कौतुक रास्तच आहे; परंतु त्या रेघेला आवश्यक असलेले अणकुचीदार, मऊ टोक मागच्या अनेक रात्री कोणी तरी धुऊन, सारखे करून, जपून ठेवलेले असते. बहुधा तो मूर्तिकाराचा मुलगा किंवा हाताखालचा पोर असतो, आणि त्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते. कुंचला धरावयास शिकण्यापूर्वी तो ठेवावयास शिकावे, हा या आळीचा पहिला धडा आहे.