व्ही-वन: आधीच घेतलेला निर्णय

विमान धावपट्टीवर वेग घेत असतं तेव्हा कॉकपिटमध्ये बोलणं जवळजवळ बंद असतं. वेगाच्या काट्यावर नजर ठेवणारा वैमानिक एका क्षणी मोठ्याने ‘व्ही-वन’ म्हणतो आणि कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो. तोपर्यंत इंजिन बंद पडलं तर धावपट्टीवरच थांबायचं. त्यानंतर पडलं तर उडायचंच, कारण थांबायला पुढे जागा उरलेली नसते. वजन, वारा, ओल, तापमान आणि धावपट्टीची लांबी पाहून हा वेग दर उड्डाणाला नव्याने काढतात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांचा उठाव दोन्ही घटतात. मग तिथल्या सोनेगाव विमानतळाच्या 3,200 मीटर धावपट्टीचाही हिशेब बदलतो.

या रीतीचं कूळ शोधत गेलं की आपण 1932 सालात पोचतो. अमेरिकेतल्या टीडब्ल्यूए कंपनीच्या जॅक फ्राय यांनी कारखानदारांना पत्र लिहून तीन इंजिनांचं विमान मागितलं. डग्लस कंपनी म्हणाली, दोन इंजिनांत भागवू. तेव्हा टीडब्ल्यूएचे तांत्रिक सल्लागार चार्ल्स लिंडबर्ग अडून बसले: एक इंजिन बंद पडलं तरी आमच्या कोणत्याही विमानतळावरून भरल्या वजनाने उड्डाण झालंच पाहिजे. त्या काळी ही मागणी अचाट होती. सप्टेंबर 1933 मध्ये ॲरिझोनातल्या विन्स्लो या उंचावरच्या गावी डग्लसच्या दोन इंजिनांच्या डीसी-1 विमानाची परीक्षा झाली. धावतानाच एक इंजिन मुद्दाम बंद केलं. विमान उचललं गेलं, आणि उरलेल्या एका इंजिनावर थेट अल्बुकर्कला पोचलं. माझ्या मते प्रवासी विमानाच्या सुरक्षिततेचा खरा पाया त्या दिवशी घातला गेला.

याच घराण्यातली डीसी-3, म्हणजे आपली डाकोटा, महायुद्धानंतर भारतात मोठ्या संख्येने आली. 1949च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली आणि देशाच्या मध्यावरचं नागपूर तिचं केंद्र ठरलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. थोडे प्रवासीही त्यांत असत.

12 डिसेंबर 1953च्या रात्री यातलीच इंडियन एअरलाइन्सची एक डाकोटा सोनेगावहून उडताना इंजिन निकामी होऊन कोसळली. चौदापैकी तेरा जण गेले. त्यांत कामगार नेते, खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. फक्त वैमानिक वाचला.

एका इंजिनावर उडणं यंत्राला जमतं, हे या अपघाताच्या वीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. पण अंधारात, भरल्या विमानात, थांबू की जाऊ हे माणसाला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात विचार होत नाही. म्हणून निर्णय जमिनीवरच, शांतपणे घेऊन ठेवायचा. 1940च्या दशकातल्या अमेरिकी नियमांत व्ही-वन हा वेग आला. डाकोटाचा आराखडा त्याआधीचा होता. पुढे जेट विमानांबरोबर व्ही-वन जगभर रूढ झाला. तरीही माणसाचा हात ब्रेककडेच ओढ घेतो. 1990 पर्यंत जेट विमानं उड्डाण सोडून देताना धावपट्टीबाहेर गेल्याच्या 74 घटना तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा थांबण्याचा प्रयत्न व्ही-वन ओलांडल्यावर झाला होता असं दिसलं.

हवेत गेल्यावर बिघाड घाई न करता सोडवता येतो. 6 मे 2021 रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णाला घेऊन नागपूरहून उडालेल्या जेटसर्व्हच्या छोट्या बीचक्राफ्टचं चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं. कॅप्टन केशरी सिंग यांनी विमान मुंबईकडे नेलं. तिथे धावपट्टीवर फेस पसरून ठेवला होता. विमान पोटावर उतरलं आणि आतले सगळे सुखरूप बाहेर आले.

तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी वजन जास्त होतं म्हणून कुणाची बॅग उतरवली गेली, किंवा धावतं विमान अचानक थांबून परत फिरलं, तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. उशीर सोसा. तो हिशेब तुमच्याच जिवासाठी केलेला असतो.