क्लच, एरंडेल आणि मुलतानी माती

सिग्नलला अर्धा क्लच दाबून उभं राहायची सवय पुण्यात कुणाला नाही? पण त्या क्लचच्या आत नेमकं काय घासतं, आणि ते टिकेल की नाही हे कोण तपासत आलं, ते आज सांगतो.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत क्लच शंकूच्या आकाराचा असायचा आणि त्यावर चक्क चामडं. चामडं वाळलं की गाडी हिसका मारून सुटायची, मग त्याला एरंडेल चोळायचं. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरायची. हो, चेहऱ्याला लावतात तीच!

इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूडने पाहिलं, की घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात. 1897 मध्ये त्याने घरच्या शेडमध्ये यापेक्षा बरं काहीतरी शोधायला सुरुवात केली. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून, त्यात एक अक्षर घालून ‘फेरोडो’ हे नाव झालं. त्याचं आधीचं कापडी अस्तर सुती होतं. पकड छान, पण तापलं की सूत करपायचं. 1908 मध्ये त्याने ॲस्बेस्टॉस वापरलं. ते करपेना. झालं, पुढची कित्येक दशकं ब्रेक आणि क्लच म्हटलं की ॲस्बेस्टॉसच.

आपल्या बजाज स्कूटरची तऱ्हा मात्र वेगळी. तिच्या क्लचप्लेटवर कॉर्क असायचा, बाटलीच्या बुचाचा, आणि तोही तेलात बुडालेला. मला हे फार आवडतं!

पुण्यात 1966 मध्ये एआरएआय सुरू झाली, वेताळ टेकडीवर. अशा संस्थांमध्ये अस्तराची परीक्षा डायनॅमोमीटरवर होते. जड चक्र वेगात फिरवायचं, थांबवायचं, पुन्हा फिरवायचं, आणि पकड, तापमान, झीज मोजायची. घाटातल्या चढाचं काम खोलीत.

झीज मोजली, ठीक. पण झिजलेलं गेलं कुठे? हा प्रश्न फार उशिरा आला. 1924 मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये नेली केरशॉ वारली. ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार, वय जेमतेम तेहेतीस. तिच्या फुप्फुसांत ते तंतू सापडले. डॉ. कुक यांनी त्याच वर्षी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलंही. तरी ब्रिटनने संपूर्ण बंदी घातली ती 1999 मध्ये. पंचाहत्तर वर्षं! भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आजही पूर्ण बंद नाही.

म्हणून जुनी गाडी खोलणाऱ्या मित्रांना एकच सांगतो: क्लच किंवा ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, तोंडाने तर नाहीच. ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.