सणाचें ताट

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत चर्चची इमारत, घंटा, धर्मगुरु व संस्था यांचा वृत्तांत येतो, आणि तो यावयासच हवा. परंतु आमच्या समाजाचा बराचसा इतिहास चुलीपाशींहि घडला आहे, व तो लिहून ठेवणारा क्वचितच आढळतो. याकरितां वसईपासून गोमंतकापर्यंतच्या कोंकणपट्टींतील नाताळाच्या फराळाविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वसई १५३४ सालच्या तहानें पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. गोव्यांत पोर्तुगीजांचा अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत राहिला. त्या काळाच्या खुणा आमच्या स्वयंपाकघरांत स्पष्ट दिसतात. काजू, पपई, मिरची व बटाटा हीं अमेरिका खंडांतून आलीं. पाव हा शब्द पोर्तुगीज. दोदोल हें नांव मलाया-जावाकडचें. पण नेवरी ही आपली करंजीच. तेंच नारळाचें सारण, तीच कडेची मुरड. गोव्यांत हिंदु घरीं ती चतुर्थीला होते, ख्रिस्ती घरीं नाताळाला.

हें साम्य सर्वांस रुचलें असें नाहीं. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशन नांवाच्या धर्मन्यायासनानें १७३६ सालीं एक जाहीरनामा काढून देशी ख्रिस्ती लोकांस पूर्वजांचे अनेक आचार वर्ज्य केले. तुळस लावूं नये, लग्नांत विडासुपारी व फुलें वाटूं नयेत, हिंदूंच्या रीतीनें मीठ न घालतां भात शिजवूं नये, येथवर त्यांत तपशील होता. एखाद्या घरचा भात अळणी शिजतो कीं कसा, हा न्यायासनापुढील प्रश्न व्हावा, हें वाचून आज मन खिन्न होतें. ख्रिस्तसभेच्या नांवानें घडलेली ही गोष्ट ज्युबिलीच्या आनंदांतहि झांकून ठेवणें योग्य नव्हे. तें न्यायासन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. नेवरी मात्र राहिली.

त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तिचें ताट शेजारीं जात राहिलें. गोव्यांत या ताटास 'कोन्सुआद' म्हणतात. पोर्तुगालांत हा शब्द मुख्यत्वें नाताळच्या पूर्वरात्रीं कुटुंबानें एकत्र घेतलेल्या भोजनास लावितात. आमच्याकडे तो शब्द घराबाहेर पडला व रुमालानें झांकलेल्या ताटाबरोबर दारोदार गेला. नाताळाचें ताट हिंदु शेजाऱ्याकडे जावें, चतुर्थीचें वा दिवाळीचें त्यांच्याकडून यावें, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला, तेथें गोडधोड करीत नाहींत. शेजारीच तें धाडतात. ही रीत दोन्ही समाजांत सारखीच आहे. शोकाच्या घरींहि मुलांच्या हातीं सणाचा घांस पडावा, हा तिचा हेतु.

आणि हा फराळ एकट्यानें होण्याजोगा नाहींच. तांदळाचें पीठ, माडाचा गूळ व नारळाचा रस एकत्र करून दोदोल तासन्‌तास घोटावें लागतें. एकाचा हात थकला कीं दुसऱ्यानें पळी घ्यावी. कुलकुलांची कणीक फणीच्या पाठीवर वळण्यास लहान मुलें लागतात. गुळाचा अंदाज आजीस विचारावा लागतो. वर्षभर ज्यांच्यांत अबोला होता अशा जावा एका कढईपाशीं बसल्या कीं निदान 'जाळ कमी कर' एवढें तरी बोलावेंच लागतें, आणि पुष्कळदां तेवढ्यानें पुढचें सोपें होतें.

आतां फराळ दुकानांत तयार मिळतो, मुलें नोकरीनिमित्त दूरदेशीं असतात, सुनांसहि कचेरीचें काम असतें. यांत दोष कोणाचाच नाहीं, व जुन्या काळाप्रमाणें सर्व कांहीं घरींच करा, असा आमचा आग्रह नाहीं. पण एक तरी पदार्थ घरच्या सर्वांनीं मिळून करावा, आणि त्यांतील एक ताट आपल्या धर्माबाहेरच्या दारीं व एक शोकाच्या घरीं जावें, एवढी विनंति आम्हीं वाचकांस करितों. जाहीरनामे निघाले, राज्यें बदललीं, तरी जें शेजारपण आमच्या पूर्वजांनीं टिकविलें, तें आमच्या आळसानें जाऊं नये.