कार्बोरेटर आणि ऋतुमान

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधक, पेटंटे आणि कारखाने यांची नोंद सविस्तर आढळते. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राचे स्थानिक हवामानाशी जमवून देणारे कारागीर त्या नोंदीत क्वचितच येतात. लहान मोटारसायकलच्या कार्बोरेटरचा इतिहास हे या उपेक्षेचे उत्तम उदाहरण होय.

१८८५ साली डाइम्लर व मायबाख यांनी तयार केलेल्या दुचाकीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात त्याची वाफ मिसळली जाई. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी व चोंका यांनी, तसेच जर्मनीत मायबाख यांनी, सूक्ष्म छिद्रातून पेट्रोलचे तुषार उडविण्याची पद्धती पुढे आणली. या छिद्राचे, म्हणजे जेटचे, माप कारखान्यात निश्चित होऊ लागले. हवा मात्र निश्चित नव्हती.

पूर्ण ज्वलनासाठी १ भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतो. या दोन टोकांमध्ये थंड हवा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक घन असते. जेटमधून येणारे पेट्रोल मात्र त्याच्या निम्म्यानेच वाढते. परिणामी मिश्रणातील पेट्रोल थंडीत कमी पडते. त्यातच थंड इंजिनात त्याची वाफ नीट होत नाही. चोक ही अडचण सुरुवातीपुरती दूर करतो. पुढचे काम स्क्रूचे व सुईचे.

१९२७ साली स्थापन झालेल्या अमाल या ब्रिटिश कंपनीच्या सूचनांत हे काम टप्प्यांनी मांडलेले असे : मंद गतीस हवेचा स्क्रू, मधल्या गतीस सुईची खाच, पूर्ण गतीस मुख्य जेट. भारतात १९६१ पासून म्हैसूर येथे जावा आणि १९८५ पासून हीरो होंडा या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्या प्रसाराबरोबर हे शास्त्र गावोगावच्या गॅरेजांत पोहोचले. तेथे ते मुख्यत्वे कानाने आणि डोळ्याने शिकले गेले. गरम इंजिनाची ‘रेस’ स्थिर होईपर्यंत स्क्रू फिरवावयाचा, मग प्लग पाहावयाचा : पांढरट असल्यास पेट्रोल कमी, काजळीने काळा असल्यास जास्त, विटकरी असल्यास योग्य. शिवाय हवेचा स्क्रू आवळल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते, तर इंधनाचा स्क्रू आवळल्यास ते घटते, हेही कारागिरास ठाऊक असावे लागे.

या व्यवहाराची परिभाषाही लक्षणीय आहे. ‘चोक देणे’ हा थंडीवरील उपाय, तर ‘जेट चोक होणे’ हा बिघाड. एकाच परकीय शब्दाचे हे दोन अर्थ केवळ मराठी क्रियापदाने वेगळे राखले. ग्रंथांच्या साहाय्याविना बोलीने केलेले हे परिभाषा-निर्माणच होय.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण-निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींत बहुतांशी इंधन-अंतःक्षेपण आले. आता तापमान मोजून प्रमाण ठरविण्याचे काम संवेदक करतात. धूर कमी झाला, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु संवेदकाचे गणित कारखान्याच्या दप्तरात सुरक्षित असते. कारागिराचे ज्ञान त्याच्या हातांबरोबर संपते. यास्तव जुन्या कारागिरांकडून त्यांची रीत आणि त्यांचे शब्द वेळीच टिपून घेणे, हे इतिहास व भाषाविज्ञान या दोन्ही शाखांचे कर्तव्य ठरते.