८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं? व्हील बॅलन्सिंग म्हणजे नेमकं काय, जाणून घ्या

शहरात गाडी छान चालते. पण हायवेवर ८०-९० चा वेग गाठला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. वेग कमी केला की थरथर गायब! 'रस्ताच खराब असेल' म्हणून अनेकजण दुर्लक्ष करतात. बऱ्याचदा खरं कारण असतं चाकाचं बिघडलेलं बॅलन्सिंग.

काही ग्रॅमचा फरक, किलोची ओढ

टायर आणि रिम दिसायला गोल असले, तरी त्यांचं वजन सगळीकडे सारखं नसतं. कुठेतरी काही ग्रॅम जास्त असतात. चाक फिरताना ही जड बाजू त्याला बाहेर ओढते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते.

समजा, १४ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक आहे. ताशी ५० किमीला ओढ साधारण पाऊण किलो वजनाइतकी असते. १०० किमीला ती तीन किलोच्या वर जाते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे साडेचार किलोच्या पुढे. १०० च्या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं, म्हणजे तितकेच झटके! त्यामुळे टायर ठिकठिकाणी झिजतो. बेअरिंग आणि सस्पेन्शनवरही ताण येतो.

बॅलन्सिंग की अलाइनमेंट?

ही दोन वेगळी कामं आहेत. बॅलन्सिंगमध्ये चाकाचं वजन समतोल करतात, तर अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. लक्षणं अशी ओळखा:

- ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं: पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग
- सीट किंवा फ्लोअर थरथरतो: मागची चाकं
- सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते: आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट
- फक्त ब्रेक मारल्यावर थरथर: ब्रेक डिस्क तपासा

कधी करायचं?

नवीन टायर बसवल्यावर, टायर रिमवरून काढून पुन्हा चढवल्यावर आणि मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आदळल्यावर. एरवी दर ५ ते १० हजार किमीला तपासून घ्या. ट्यूबलेस टायर न काढता पट्टी मारून पंक्चर काढलं असेल, तर लगेच गरज नसते.

दुकानात काय पाहाल?

१. चाकाला चिकटलेला चिखल आणि जुनी वजनं आधी काढायला सांगा.

२. मशीन चाक फिरवून आतल्या आणि बाहेरच्या बाजूला किती ग्रॅम वजन कुठे हवं, ते दाखवतं. लोखंडी रिमला क्लिपची वजनं लागतात, अलॉयला बहुतेकदा चिकटवायची.

३. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवायला सांगा. दोन्ही बाजूंना शून्य दिसलं, तरच काम पूर्ण.

एवढं करूनही थरथर राहिली, तर रिम वाकलेली असू शकते किंवा टायरला फुगा आलेला असू शकतो. फुगा आलेल्या टायरवर बॅलन्सिंग हा उपाय नाही. तो वेगात असताना फुटू शकतो, त्यामुळे लगेच बदला.