जंत्री ते संगणक : तिथीच्या तारखेचा शोध

मराठेशाहीचा जुना कागद हाती आला म्हणजे अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो काळाचा. अशा कागदावर इंग्रजी तारीख क्वचितच सापडते. तेथे शालिवाहन शकाची तिथी असते, अथवा हिजरी महिन्याचा चंद्र आणि शुहूर सनाचा अरबी शब्दांत लिहिलेला आकडा असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाच्या आरंभी बदलते; म्हणून त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावे लागतात. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा रणसंग्राम याच सनातला. वर्ष असे तोंडी काढता येते. तिथीची तारीख काढणे मात्र इतके सोपे नाही.

सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी संपते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिला कधी सुमारे १९, तर कधी सुमारे २६ तास लागतात. त्यातूनच क्षय आणि वृद्धी उद्भवतात. अधिक मासाचा हिशेब निराळाच. एका पत्राची तारीख ठरविण्यासाठी एवढे गणित दरवेळी करीत बसणे कोणाला परवडणार? हे ओझे जंत्रीकारांनी आपल्या शिरावर घेतले. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ साली निघाला. बाळाजी प्रभाकर मोडक आणि ग. स. खरे यांच्या जंत्र्यांनी मराठी अभ्यासकाची सोय केली. स्वामिकन्नू पिळ्ळै यांनी १९२२ साली इ. स. ७०० पासूनची कोष्टके खंडशः प्रसिद्ध केली. ज्योतिर्गणित न जाणणारा शिक्षक वा वकीलही आता ग्रंथालयाच्या मेजावर बसून कालनिर्णय करू लागला. इतिहाससंशोधनाचा विस्तार होण्यास या रूक्ष कोष्टकांनी लावलेला हातभार मोठा आहे.

पुढे हे काम संगणकाकडे गेले. जपानमधील संस्कृतज्ञ मिचिओ यानो यांनी सूर्यसिद्धान्ताच्या आधारे पंचांग मांडणारा प्रोग्रॅम सिद्ध केला. नाखुम डर्शोविट्झ आणि एडवर्ड राइनगोल्ड यांनी १९९७ साली जगातील अनेक कालगणनांची सूत्रे एका ग्रंथात संगणकासाठी गोवली. जंत्रीत पाने उलटून शोधावी लागणारी तारीख आज क्षणात मिळते. एका पत्राऐवजी सबंध दफ्तराच्या तारखा लावून पत्रे क्रमाने मांडता येतात. कोणते उत्तर कोणत्या पत्राचे, हे पडताळता येते. पूर्वी वेळेअभावी जे प्रश्न कोणी विचारतच नसे, ते आता विचारता येतात. हा लाभ लहान नव्हे.

परंतु गणिताचा भार हलका झाला, म्हणून संकेत ओळखण्याची जबाबदारी हलकी झालेली नाही. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तिची तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते, ती जुन्या ज्युलियन गणनेने. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च होतो. ही तिथी महाराष्ट्रातल्या अमान्त मासाची आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडील पूर्णिमान्त पद्धतीत तोच दिवस चैत्र कृष्ण तृतीयेचा ठरतो. पूर्णिमान्त मानाने चालणाऱ्या साधनाला ‘फाल्गुन कृष्ण तृतीया’ एवढेच सांगितले, तर ते महिनाभर आधीची तारीख देईल. गणित बिनचूक, आणि तारीख चुकीची! तेथे वार जुळत नाही, आणि केवळ त्या ‘शुक्रवार’ शब्दाने सावध वाचक वाचतो.

परकीय कागदांतही हीच मेख आहे. पोर्तुगालने नवी गणना १५८२ साली स्वीकारली, इंग्लंडने १७५२ साली. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीतील पत्र आणि पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीचा जानेवारी १६६४ हा इंग्रजी कागदांत १६६३ चा जानेवारी असू शकतो. हे ध्यानी न घेता तारखा रचल्या, तर उत्तर पत्राच्या आधी आणि परिणाम कारणाच्या आधी येऊन बसतो.

छापील जंत्रीच्या प्रस्तावनेत हे संकेत सांगितलेले असत. रकान्यांत नजर फिरवली की शेजारची तिथी व वार दिसे. आज संगणकाला साध्या मराठीत प्रश्न विचारला, तरी सफाईदार उत्तर मिळते. पण त्यामागे कोणते मान धरले आहे, हे दिसेलच असे नाही. म्हणून अभ्यासकाने मूळ कागदावरील तिथी, वार आणि सन जसेच्या तसे आधी उतरून घ्यावेत. कोणत्या मानाने व कोणत्या साधनाने तारीख काढली, तेही शेजारी नोंदवावे. साधने बदलतील, मूळ नोंद शाबूत असेल, तर पुढचा वाचक ती तारीख पुन्हा तपासू शकेल. जुन्या जंत्र्या ग्रंथालयाने जपून ठेवाव्यात, त्या याच पडताळ्यासाठी.